फुकटच्या छत्रीचा हिशेब



दूरदर्शनची छत्री घरावर एकदा बसवली की महिन्याला दमडी द्यावी लागत नाही. पुढारी सांगतात, सरकारने गरिबाला टीव्ही फुकट दिला. कर्जमाफीच्या वेळीही हीच भाषा असते. आमचे म्हणणे सरळ आहे : फुकट काही नसते. पैसे कोण भरतो आणि भाव कोण ठरवतो, एवढेच पाहावे.

दूरदर्शनवर जाहिराती 1976 साली सुरू झाल्या. जाहिरातीचा खर्च साबणवाला, चहावाला, फवारणीच्या औषधाचा कारखानदार पदरचा भरत नाही. तो मालाच्या किमतीत घालतो आणि तालुक्याच्या दुकानात आपल्याकडून वसूल करतो. ज्याच्या घरी टीव्ही नाही, तोही भरतो. आवळा देऊन कोहळा काढणे ते हेच! आपल्याला मात्र निंदणी-वेचणीची मजुरी कापसाच्या भावात घालता येत नाही.

2004 च्या डिसेंबरात सुरू झालेल्या या छत्रीवर खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने मिळते. बोली कोटींत लागते. ही बोली कशाची? आपल्या घरातल्या डोळ्यांची. बाजार समितीत आपण निदान ढिगाजवळ उभे असतो. या लिलावात तेवढेही नाही.

मार्च 2019 मध्ये चार बड्या समूहांनी आपल्या मनोरंजन वाहिन्या छत्रीवरून काढल्या, जून 2020 मध्ये परत आणल्या, एप्रिल 2022 मध्ये पुन्हा काढल्या. जिथे चार पैसे जास्त, तिथे माल न्यायचा. यात आम्ही त्यांना दोष देत नाही; धंदा असाच करायचा असतो. पण एकाधिकार खरेदीच्या काळात राज्याबाहेर कापूस नेणारी आपली गाडी सीमेवर अडवली गेली, आणि मार्च 2012 मध्ये कापसाच्या निर्यातीवर बंदी घातली गेली. वाहिनीला मोकळा बाजार आणि कापसाला दावे, हा कोणता न्याय?

वर्गणीच्या टीव्हीची गोष्ट याहून उघड आहे. 2019 पासून वाहिनीवाला आपल्या वाहिनीची किंमत स्वतः जाहीर करतो. जोडणीचे पैसे वेगळे. ते भरूनही जाहिराती चुकत नाहीत. नियमाने तासाला 12 मिनिटांपर्यंत त्यांना मुभा आहे. म्हणजे पैसे दोनदा. तरी वर्गणी भरणारा नको ती वाहिनी बंद करू शकतो. फुकट घेणाऱ्याला जाबही विचारता येत नाही.

आपण जाब विचारू शकतो. प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1995 मध्येच सांगितले आहे. मालमत्ता आपली, तर लिलावाच्या उत्पन्नावर हक्कही आपला. मे 2015 पासून दूरदर्शनची किसान वाहिनी आहे, पण तिचा कारभार मुख्यतः हिंदीत. म्हणून जिल्हा बैठकीत ठराव करा : रोज संध्याकाळी ठरल्या वेळी, मराठीत, आपल्या जिल्ह्यातल्या बाजारांचे कापूस, सरकी, ज्वारीचे भाव, परदेशातला रुईचा भाव आणि तालुक्याचा पावसाचा अंदाज दाखवा. व्यापारी घरी यायच्या आधी भाव आपल्याला कळला पाहिजे.

हे दान म्हणून मागू नका. आपल्या लहरींचे भाडे म्हणून मागा.