जागरातलं भारूड कुणी गाळलं?

यंदाच्या सप्ताहाची पत्रिका गुळगुळीत कागदावर, चार रंगांत आली. काकडा, पारायण, गाथाभजन, हरिपाठ, कीर्तन, सगळं वेळेसकट. रात्रीच्या रकान्यात फक्त 'हरिजागर' एवढंच. त्यापुढे दरवर्षी असायचे ते दोन शब्द, 'सोंगी भारूड', गायब होते. छापणाऱ्याची चूक असेल म्हणून कमिटीतल्या एका पोराला विचारलं. तो अदबीनं म्हणाला, "माऊली, ते आता बरं नाही दिसत. आपलं युट्यूबवर लाइव्ह असतं."

मला राग आला तो 'बरं नाही दिसत' या तीन शब्दांचा.

आमचं गाव माजलगाव तालुक्यातलं, धरणाच्या पाण्यालगतचं. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव उसाला जातं. ते परत येतं उन्हं तापायला लागल्यावर. म्हणून आमचा सप्ताह चैत्रात. टोळ्या घरी आल्याशिवाय टाळ धरायला हातच नसतात. पाचसहा महिने पालावर काढून आलेली ही माणसं सप्ताहातल्या एका रात्री, कीर्तन संपून बाहेरची पाव्हणेमंडळी गेल्यावर, मंडपात भारूड करायची. माझे चुलते, तात्या, त्यात सून व्हायचे. अंगात काकूचं जुनं लुगडं, कपाळाला आडवं कुंकू, आणि मिशी तशीच. सून देवीला नवस बोलते, की या सासरच्या एकेकाला उचल म्हणजे मी तुला रोडगा वाहीन. हे नाथांचं. पण आमच्याकडं सासूच्या जागी मुकादम बसायचा. सून म्हणायची, "आत्याबाई, तुमी दिलेली उचल मव्हा नवरा फेडतोय, आता मपली लेकरंबी फेडत्याल, सुनंनं अजून काय फेडावं?" खरा मुकादम पुढच्याच सतरंजीवर गळ्यात माळ घालून बसलेला असायचा. सगळ्या मंडपाची मान त्याच्याकडं वळायची. त्याला हसावं लागायचं. आणि भारूड संपलं की तात्या तसेच लुगड्यात जाऊन त्याच्या पाया पडायचे, तो तात्यांच्या पाया पडायचा. वारकऱ्यांत ते तसंच असतं. वय, पैसा काही न बघता दोघंही वाकतात.

उचल यानं माफ झाली का? छे. पण वर्षातून एका रात्री मुकादमाला सगळ्यांदेखत आपल्यावरचा विनोद ऐकून घ्यावा लागायचा. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत अशी दुसरी जागा मला तरी गावात दाखवा.

गंभीर पंथाला हसण्याची जागा लागते, हे जगात इतरांनाही कळलेलं आहे. फ्रीमेसन मंडळींचं बंधुत्व म्हणजे बंद दारं, एप्रन, पायऱ्यापायऱ्यांची दीक्षा. त्या गांभीर्यानं जीव घुसमटला म्हणून की काय, 1872 साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यातल्याच काहींनी निव्वळ मौजेसाठी वेगळी बिरादरी काढली. हेच ते श्राइनर. आत यायचं तर आधी मेसन असलंच पाहिजे, पण आल्यावर गोंड्याची लाल तुर्की टोपी घालायची आणि मिरवणुकीत खेळण्याएवढ्या मोटारी पळवायच्या. त्याच माणसांनी 1922 पासून लहान मुलांसाठी दवाखाने उभे केले. चेष्टामस्करी करणारी माणसं बिनकामाची नसतात, एवढं त्यावरून समजायला हरकत नाही. पण त्यांना हसण्यासाठी दुसरं घर बांधावं लागलं. आपल्याला ते कधीच लागलं नाही. आपल्याकडं ज्या मंडपात ज्ञानेश्वरीचं पारायण, त्याच मंडपात फुगडी. पालखीच्या रिंगणानंतर म्हातारी माणसं हुतूतू खेळतात. सप्ताहाचा शेवट काल्यानं होतो, आणि काल्याच्या कीर्तनात देवाचा सगळ्यात लाडका सवंगडी कोण, तर लंगडा-बोबडा पेंद्या.

आणि भारूड रचणारे कोण? एकनाथ महाराज. भागवतावर टीका लिहिणारा, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करणारा पैठणचा पंडित. त्यांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, महार, भूत, विंचू, एडका अशी सोंगं घेतली. त्यांना 'बरं दिसत' होतं. पैठणचा उजवा कालवा आमच्या धरणात येऊन मिळतो. नाथसागराचं पाणी चालतं, नाथांचं सोंग तेवढं चालत नाही.

आता कुणी म्हणेल, हा माणूस जुन्याचे गोडवे गातोय. गात नाही. आमच्या मंडपात बाया एका कडेला बसून हसायच्या, सोंग घ्यायला पुरुषच. (पंढरपूरच्या चंदाबाई तिवाडींनी रंगमंचावर भारूड कसं गाजवलं, हे आमच्या गावाला फार उशिरा कळलं.) काल्याची लाही एका परातीतली, पण पंगतीचं काय, ते माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. खुद्द विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषणाला बसावं लागलं. बंधुत्व आमच्याकडं कधीच पुरतं नव्हतं. म्हणूनच, जिथं ते थोडंफार घडत होतं ती रात्र गाळायची नव्हती.

आणि हसणं बंद झालंय असंही नाही. उलट, ते आता विकत मिळतं. हजारांत बिदागी घेणारे काही महाराज येतात आणि दोन तासांत पाऊण तास विनोद सांगतात. विषय ठरलेले: सून, पोरींचे कपडे, पोरींचा मोबाइल, बायकोच्या हाताखालचा नवरा. लोक पोट धरून हसतात, मीही हसलोय. पण तात्या सुनेवर विनोद करायचे तेव्हा स्वतः लुगडं नेसून सून व्हायचे. लोक हसायचे ते तात्यांच्या मिशीला आणि सासूच्या जाचाला. महाराज फेटा सावरत समोर बसलेल्या सुनेकडं बोट करतात. तिनं उलट बोलायची सोयच नाही; माइक एकच आहे. दहा हजारांच्या मंडपात लांबच्या स्क्रीनवर बघून हसणारी माणसं एकमेकांकडं वळून बघत नाहीत. मुकादमाकडं तर नाहीच. शिवाय तो आता कमिटीत आहे, आणि मंडपाचं बिल त्यानं भरलंय.

कमिटीतल्या पोरांना मी वाईट म्हणत नाही. वर्गणी गोळा करतात, रात्रभर जागतात. त्यांना खरोखर वाटतं की लुगड्यातला म्हातारा कॅमेऱ्यात दिसला तर संप्रदायाची शोभा होईल. त्यांना शोभेची एवढी काळजी आहे, तर मग सुनांवरचे विनोद लाइव्ह जाताना ती कुठं जाते, एवढं मी त्यांना विचारलं. पोरगं माझ्याकडं बघत राहिलं. मग म्हणालं, "त्यो तर कीर्तनाचा भाग झाला ना माऊली."

तात्या आता सत्तरी ओलांडून बसलेत. कोयता सुटला, गुडघे गेले. पत्रिका त्यांनी हातात घेतली, रात्रीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा घडी घालून मला दिली. म्हणाले काहीच नाहीत. काकू मात्र म्हणाली, लुगडं पेटीतच हाय, धुऊन ठिवलंय.

तेव्हा कमिटीला माझी लेखी मागणी अशी: पुढच्या चैत्रात कीर्तनानंतर लगेच, पाव्हणे उठायच्या आत, अर्धा तास भारुडाला द्यावा. सून यंदा गावातली एखादी खरीखुरी सून होईल. दोघींनी हो म्हटलंय. मुकादमांनी पुढच्या सतरंजीवर बसावं. आणि कॅमेरा चालू ठेवावा.