परसबागेतले बियाणे

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, कळसूबाई आणि हरिश्चंद्रगडाच्या परिसरात, परसबाग ही हौस नसून घरच्या जेवणाचा आधार असते. पावसाळ्यात इथे डोंगर धुऊन निघतात आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वानवा असते. अशा मुलखात घराभोवतीचा गुंठाभर तुकडा, म्हणजे १०८९ चौरस फूट जमीन, फार मोलाची ठरते. कुंपणावर वाल आणि घेवडा, मांडवावर दोडका, घोसाळे, कारले, दुधी, मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ, कडेला शेवगा, लिंबू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या हव्यात. पाच जणांच्या घराला दिवसाला दोन किलो. परसबागेची खरी कसोटी ढिगाने पिकवण्यात नाही, रोज काहीतरी खुडता येण्यात आहे. म्हणून मेथी, पालक एकदम न पेरता आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरतात. भर पावसात पालेभाजी सडते, तेव्हा करटुली, फोडशी, भारंगी या रानभाज्या कामी येतात. त्या कुणी पेरत नाही, पण कुठे आणि कधी मिळतात हे बायकांना पक्के ठाऊक असते.

या सगळ्याच्या मुळाशी बियाणे आहे. दुकानातल्या संकरित बियाण्याचे फळ उत्तम येते, पण त्यातून धरलेल्या बीपासून पुढच्या वर्षी तसेच फळ येईल याची खात्री नसते. म्हणजे भाजी अंगणातली, पण तिची दोरी बाजाराच्या हातात. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हे फार आधी ओळखले. महादेव कोळी समाजातील राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. विकतच्या, फवारलेल्या भाजीचा त्यांनी घरातल्या मुलांच्या आजारपणाशी संबंध जोडला आणि घेवडा, वाल, भात यांची जुनी वाणे गोळा करायला घेतली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हा सन्मान त्यांच्या घरातल्या बियाण्यांच्या मडक्यांचाही आहे.

बी धरणे हे कसबाचे काम. निरोगी, भरपूर लागलेला वेल हंगामाच्या सुरुवातीलाच हेरून त्याच्या चांगल्या शेंगा बियाण्यासाठी राखायच्या असतात. खाऊन उरलेल्या किडक्या शेंगांचे बी ठेवले तर वाण खालावत जाते. घेवड्यासारख्या पिकांत बहुतेक परागीकरण फुलातल्या फुलातच होते, त्यामुळे ती वाणे शुद्ध राखणे तुलनेने सोपे. दुधी, दोडका, काकडी यांचे तसे नाही. तिथे कीटक एका वेलाचा पराग दुसऱ्यावर नेतात. जवळपास कडू दुधीचा वेल असेल तर त्याचा संकर होऊन पुढच्या पिढीत कडू फळे येऊ शकतात, आणि कडू दुधी पोटात जाणे जिवावर बेतू शकते. म्हणून नर आणि मादी कळ्या उमलण्याआधी बांधून ठेवून हाताने परागीकरण करणे, किंवा एका जागी एकच वाण लावणे, हा खबरदारीचा मार्ग. दुधी वेलावरच पूर्ण वाळू द्यावा. हलवल्यावर आत बिया वाजल्या की तो फोडायचा. कडधान्याच्या बियांना भुंगेरा लागतो, त्यामुळे त्या नीट वाळवून राखेत घोळून मडक्यात ठेवतात. काकडी-भोपळ्याच्या बिया शेणात कालवून भिंतीवर थापण्याची रीतही अनेक घरांत आहे. बियांत ओल राहिली तर मात्र कोणतीच युक्ती चालत नाही.

खताच्या बाबतीत शेणखत, पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा पुरतो. जीवामृताचा बोलबाला मोठा आहे, पण जमिनीत सेंद्रिय पदार्थच नसेल तर नुसत्या शिंपडण्याने पीक पोसत नाही.

बियाणे जपण्याला कायद्याचाही आधार आहे. वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यासंबंधीच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला; संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाखाली विकण्यास तेवढी मनाई आहे. गावच्या बियाणे बँका याच देवाणघेवाणीवर चालतात. मूठभर बी न्यायचे आणि पीक आल्यावर त्याहून जास्त परत आणून द्यायचे, असा त्यांचा सर्वसाधारण रिवाज.

अलीकडे शाळांच्या आवारातही परसबागा फुलतात आणि तिथली भाजी मुलांच्या दुपारच्या जेवणात जाते. मे महिन्याच्या सुटीत पाण्यावाचून त्या वाळतात, ही मोठी अडचण. तरीही वालाचे बी उन्हाळी सुटीच्या आधीच तयार होते. दोन-चार वेल तोडणीतून वगळले तर पुढच्या जूनमध्ये शाळेला ते विकत आणावे लागत नाही, आणि उरलेले बी मुलांना घरी लावायला देता येते.