देणगी कुणाची, पैसा कुणाचा?

१९५७ साली राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीच्या उद्देशांच्या दस्तऐवजात, बदल करायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. कायद्यात आडकाठी नसल्याने मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी बदलाला मान्यता दिली. पण ही प्रथा फोफावली तर लोकशाहीचा गळा आवळला जाईल, असा इशाराही दिला. त्या भागधारकाच्या हरकतीतला प्रश्न आजही जिवंत आहे. देणगी संचालक देतात, पण पैसा कुणाचा?

संसदेने १९६० मध्ये उत्तर दिले ते बरे होते: २५ हजार रुपये किंवा तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्के, यांतली मोठी रक्कम ही मर्यादा, आणि हिशेबात उघड नोंद. पुढे उद्योगांचा पैसा ‘स्वतंत्र पक्ष’ या विरोधी पक्षाकडेही वळू लागला. १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर सरसकट बंदी आली. निवडणुकीचा खर्च मात्र थांबला नाही. पक्षांच्या स्मरणिका कंपन्यांच्या जाहिरातींनी फुगल्या, उरलेला व्यवहार रोखीने होऊ लागला. पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या हिशेबात धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये म्हटले, तर सरकारने कायदा बदलून तो निकालच निष्प्रभ केला. उमेदवाराला मर्यादा आणि पक्षाला मोकळे रान, ही सोय आजही तशीच आहे.

१९८५ मध्ये बंदी उठली. २०१७ मध्ये तर नफ्याशी जोडलेली मर्यादाच गेली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे सांगण्याचे बंधनही उरले नाही. पाठोपाठ नाव उघड न करता पक्षाला देणगी देता येणारे निवडणूक रोखे आले. विरोधी पक्षाला पैसे दिल्याचे कळले तर सत्ताधारी सूड उगवतील, म्हणून गुप्तता हवी, असा युक्तिवाद झाला. पण रोखे विकत होती सरकारी मालकीची स्टेट बँक. सत्तेला माहिती मिळू शकेल आणि मतदाराला मिळणार नाही, अशी ही गुप्तता होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली. तोवर १६ हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते.

हा केवळ बड्या उद्योगांचा मामला नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर अर्थतज्ज्ञ संदीप सुखटणकर यांनी केलेल्या अभ्यासात, राजकारण्यांच्या ताब्यातले कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी भाव देतात, असे आढळले. तिथे भागधारक म्हणजे ऊस घालणारा शेतकरी; निवडणुकीकडे पैसा वळत असेल तर तो त्याचाच.

हितसंबंध असणे गुन्हा नाही, आणि बंदीने पैसा थांबत नाही हे १९६९ ने शिकवले. म्हणून दोन गोष्टी हव्यात: पक्षाच्या खर्चालाही मर्यादा, आणि मोठ्या देणगीची नावानिशी माहिती मतदानाआधी. आज देणग्यांचा तपशील वर्ष सरल्यावर जाहीर होतो. तोवर सरकार बसलेले असते आणि देणगीदाराचे कामही सुरू झालेले असू शकते.