बॅगला किती झाले, आणि दरवर्षी किती होतात?

मराठवाड्यातल्या तेरमध्ये गोल्फचं मैदान नाही आणि होण्याची चिन्हंही नाहीत. तरी गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये नेहमी झडणारा एक वाद संत गोरोबाकाकांच्या या गावात पारावर बसलेल्या कुणालाही सहज कळेल. आयुष्यातला सर्वांत चांगला राऊंड खेळून होणं मोठं, की हँडिकॅप खाली येणं मोठं? सोयाबीनची रास झाली की इथे पहिला प्रश्न असतो, ‘बॅगला किती कट्टे झाले?’ बियाण्याच्या बॅगमागे किती पोती, हा एका हंगामाचा हिशेब. कर्ज देणाऱ्याच्या किंवा सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्याच्या मनात मात्र दुसराच प्रश्न घोळत असतो: दरवर्षी साधारण किती होतं?

गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळ चांगला, आणि खेळाडूची नेहमीची पातळी सांगणारा हँडिकॅप हे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. 2020 पासून बहुतेक देशांत त्याची एकच पद्धत आहे. शेवटच्या 20 राऊंडपैकी सर्वांत चांगले 8 घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. प्रत्येक राऊंड मैदानाच्या अवघडपणानुसार तोलला जातो, त्यामुळे सोप्या मैदानावरचे 82 फटके आणि अवघड मैदानावरचे 86 एकाच मोलाचे ठरू शकतात. शिवाय एखाद्या होलवर चेंडू झुडपात अडकून दहा-बारा फटके गेले, तरी हँडिकॅपच्या हिशेबात ते ठराविक मर्यादेपर्यंतच धरतात. थोडक्यात, ही खेळाडूच्या बऱ्या दिवसांची सरासरी. रोजच्या खेळातले बहुतेक राऊंड तिच्याहून वाईटच जातात. हँडिकॅप सांगताना मान ताठ करणारे हे सहसा बोलत नाहीत.

तेरच्या शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. पीक विम्यातलं ‘उंबरठा उत्पन्न’ जवळजवळ असंच निघतं: मागच्या 7 वर्षांतली चांगली 5 वर्षं, त्यांची सरासरी, आणि तिला जोखीमस्तराची कात्री. महाराष्ट्रात हा स्तर 70 टक्के. समजा, पाच वर्षांची सरासरी हेक्टरी 14 क्विंटल आली, तर उंबरठा 9.8 क्विंटल. यंदाचं उत्पन्न त्याखाली गेलं तरच भरपाई. हे उत्पन्नही तुमच्या-माझ्या वावरातलं नव्हे. महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांतून जी सरासरी निघेल तीच खरी. 2025 च्या खरिपापासून तर भरपाईची मुख्य भिस्त या प्रयोगांवर आहे.

इथे एक गंमत आहे आणि एक दुखणं आहे. गंमत गोल्फची. हँडिकॅप खाली आला की मान वाढतो, पण सवलत घटते. 20 हँडिकॅपवाल्याशी 12 हँडिकॅपवाला खेळला, तर सामना बरोबरीचा व्हावा म्हणून त्याला प्रतिस्पर्ध्यास आठ फटक्यांची सूट द्यावी लागते. म्हणून पैज लावून खेळणारे काही महाभाग हँडिकॅप मुद्दाम फुगवून ठेवतात. नियम करणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. एखादा राऊंड आपल्या पातळीपेक्षा सात किंवा अधिक फटक्यांनी सरस गेला, तर हँडिकॅप आणखी एकाने कापला जातो. दहा किंवा त्याहून अधिक फटक्यांनी सरस गेला, तर दोनाने. आयुष्यातला सोन्याचा दिवस असा पुढच्या शनिवारी खिशाला चाट लावतो.

दुखणं मराठवाड्याचं. सातांतली दोन वाईट वर्षं हिशेबातून गळतात, हे ठीकच आहे. पण तिसरं आणि चौथंही दुष्काळात किंवा अतिवृष्टीत गेलं, की ती सरासरीत शिरतात आणि उंबरठाच खचतो. मग पाचव्या वर्षी पीक बुडालं तरी कागदावर ते बुडालेलं दिसत नाही. ‘नेहमीची पातळी’ हा निर्मळ, निःपक्ष आकडा आहे असं मानणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ती पातळी कुठल्या वर्षांवरून काढली, यावर सगळं अवलंबून असतं.

मग एकदाच्या विक्रमाची बाजू घ्यावी का? तिच्यात दम आहे. सर्वोत्तम राऊंडमध्ये एकही फटका माफ नसतो. अठरापैकी एका होलवर दहा फटके गेले की विक्रम गेलाच. हँडिकॅप मात्र तेवढ्याने डगमगत नाही. त्या एका दिवसापुरता विक्रमच अधिक कडक परीक्षक आहे. आणि तो कुणी काढून घेत नाही. वीस राऊंड झाले की तो दिवस हँडिकॅपच्या हिशेबातून बाहेर पडतो, वय वाढलं की हँडिकॅपही चढू लागतो. चाळिशीत खेळलेला 79 चा राऊंड सत्तरीतही 79 चाच राहतो.

पण आपला शेजारी अविनाश साबळे पाहा. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा धावपटू. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने 8 मिनिटे 18.12 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि तरीही अंतिम फेरी हुकली. जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने 8:09.91 अशी वेळ दिली. महिनाभराने त्याच शहरात ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत तो 8:14.18 वेळेसह अकरावा आला. विक्रमाने त्याला नाव दिलं. पदकाच्या शर्यतीत त्या दिवशी पाय काय देतात तेवढंच मोजलं गेलं. ॲथलेटिक्सवाल्यांनी हा पेच ओळखून ऑलिम्पिकला दोन दारं ठेवली आहेत. ठरवून दिलेली वेळ एकदा तरी गाठा, नाहीतर अनेक स्पर्धांतल्या गुणांच्या सरासरीवर जागतिक क्रमवारीत वर या.

आमचा कौल विचाराल तर तो हँडिकॅपच्या बाजूने झुकतो, पण एका अटीवर. ज्या आकड्यावर दुसऱ्याचा व्यवहार अवलंबून आहे, मग ती खेळातली सूट असो, कर्ज असो वा विमा, तिथे पातळीच धरावी. फक्त ती पुरेशा लांब काळाची आणि खराब वर्षांचं भान ठेवून काढलेली असावी. ज्याला स्वतःलाच पडताळून पाहायचं आहे, त्याने विक्रमामागे खुशाल लागावं. नवशिक्याला तर तोच शिकवतो.

कृषी विभागाच्या पीक स्पर्धेत आज फक्त पहिल्या प्रकारचा मान आहे. सोयाबीनसाठी किमान 40 आर सलग क्षेत्र, एक हंगाम, एक कापणी, आणि सर्वाधिक उत्पादनाला बक्षीस. त्या शेजारी दुसरंही बक्षीस हवं: शेताच्या एकाच गटात सात वर्षांतल्या चांगल्या पाचांची सरासरी सर्वांत जास्त असेल त्याला. आभाळ फिरलं तरी जमिनीचा कस आणि पिकाचा मेळ राखणारा शेतकरी त्यात दिसेल. अडचण नोंदीची आहे. ई-पीक पाहणीत पीक कोणतं आणि किती क्षेत्रावर हे नोंदवलं जातं, उतारा नाही. बाजार समितीच्या काटापट्ट्या वर्षानुवर्षं जपणारे शेतकरी थोडे, आणि घरी बियाण्याला ठेवलेला माल त्या पट्टीत येतच नाही. तेव्हा दरवर्षी एका ठरलेल्या तुकड्याची कापणी सहायक कृषी अधिकाऱ्यासमोर व्हावी आणि आकडा वहीत चढावा. तेर मंडळापासून सुरुवात करायला हरकत नसावी.