मॉरिशसच्या जनगणनेतील ‘मराठी’ धर्म

मॉरिशसच्या जनगणनेचा धर्मविषयक तक्ता चाळणाऱ्या मराठी वाचकाची नजर एका नोंदीपाशी थबकल्याशिवाय राहत नाही. हिंदू, मुस्लिम, रोमन कॅथलिक या नावांच्या जोडीला तेथे ‘तमिळ’, ‘तेलुगू’ आणि ‘मराठी’ ही नावेही आढळतात; आणि तीही भाषेच्या नव्हे, धर्माच्या तक्त्यात. ही कारकुनी चूक नव्हे. धर्म विचारला असता हजारो नागरिकांनी जाणीवपूर्वक दिलेले ते उत्तर आहे. महाराष्ट्रात जो शब्द भाषेची ओळख सांगतो, तो हिंदी महासागरातील या बेटावर धर्माचे नाव कसा झाला, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. त्याच्या मुळाशी मजुरी, मतपेटी आणि सत्ता यांचा इतिहास आहे.

१८३५ साली मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई दिली. पण ती गुलामांना नव्हे, त्यांच्या मालकांना. वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मळेवाल्यांच्या पदरात पडली, आणि राबून मोडलेली माणसे रिकाम्या हातांनी मळ्यांबाहेर पडली. त्यांच्या जागी १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर येऊ लागले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून तेथे उतरली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणातील गोरगरिबांचा भरणा मोठा होता. महिना पाच रुपये मजुरी, आणि एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापण्याचा शिरस्ता. भोजपुरी असो की मराठी, हिंदू असो की मुसलमान, मळ्यावर सर्वांची गणना एकच होती: मजूर.

अशा जीवनात धर्म आणि भाषा हा माणसाचा निवारा होता. खेड्याखेड्यांतील ‘बैठका’ म्हणजे रात्रीची शाळा, रामायणवाचनाची जागा आणि गावाची न्यायसभाही. पण हा निवारा पुढे शस्त्रही ठरला, हे विसरता कामा नये. १९४३ साली बेल व्ह्यू हारेल येथे संपकरी मजुरांवर गोळीबार झाला आणि अंजलाय कुपेन ही गरोदर स्त्री मारली गेली. त्यानंतर थोड्याच वर्षांत नव्या राज्यघटनेने, बेटावर बोलली जाणारी कोणतीही भाषा साधेपणाने लिहू-वाचू शकणाऱ्यास मताधिकार दिला. वासुदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाच्या स्वयंसेवकांनी खेडोपाडी जाऊन ऊसतोड मजुरांच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. मतदारांची संख्या सुमारे बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या पुढे गेली, आणि १९४८ च्या निवडणुकीत मळेवाल्यांच्या राजकीय मक्तेदारीला पहिला मोठा हादरा बसला. पूर्वजांची लिपी येथे लोकशाहीची चावी ठरली. त्याच लढ्यात १९३६ साली मजूर पक्ष स्थापन करणारे डॉ. मॉरिस क्युरे, त्यांच्यानंतरचे इमॅन्युएल आंक्तिल आणि गी रोझमाँ हे नेते भारतीय वंशाचे नव्हते, क्रिओल होते. आणि त्यांच्या मागे उभा राहिलेला मजूर मुख्यतः हिंदुस्थानी होता. अस्मिता जपूनही वर्ग म्हणून एकत्र येता येते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

मग बिघडले कोठे? अस्मितेची राज्याच्या खातेवहीत नोंद झाली तेथे. १९६८ च्या राज्यघटनेने नागरिकांचे चार विभाग केले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि ‘सर्वसाधारण लोक’. संसदेतील सत्तरपैकी बासष्ट जागा थेट मतदानाने भरावयाच्या, आणि उरलेल्या आठपर्यंत जागा, ज्या जमातीला प्रतिनिधित्व कमी पडले तिच्या पराभूत उमेदवारांपैकी सर्वोत्तम ठरणाऱ्यांना द्यावयाच्या, अशी ही योजना. त्यासाठी प्रत्येक उमेदवाराने आपली जमात जाहीर केली पाहिजे. १९७२ नंतरच्या जनगणनांत जमात विचारणे बंद झाले. तरीही २०२४ च्या निवडणुकीपर्यंत या जागांचा हिशेब १९७२ च्याच आकड्यांवर होत आला आहे. जमात लिहिण्यास नकार दिल्यामुळे ज्यांचे अर्ज बाद झाले, अशा उमेदवारांच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ साली निर्णय दिला, की अद्ययावत आकडेवारी नसताना ही सक्ती चालू ठेवणे हा राजकीय हक्कांचा भंग आहे. २०१४ साली सवलत मिळाली, तीही केवळ त्या निवडणुकीपुरती.

या योजनेतील सर्वांत मोठी विसंगती अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ध्यानी येते. ज्याची जीवनपद्धती पहिल्या तीन जमातींपैकी एकीचीही वाटत नाही, तो ‘सर्वसाधारण’. म्हणजे गुलामांचे वंशज आणि गुलामांच्या मालकांचे वंशज एकाच रकान्यात! जमिनीचा आणि साखर-कारखानदारीचा मोठा वाटा ज्या मूठभर फ्रेंच वंशाच्या कुटुंबांकडे राहिला, ती कुटुंबे आणि मासेमारी करणारा वा गोदीत ओझी वाहणारा क्रिओल, हे घटनेच्या लेखी एकच. ज्या वर्गीकरणात शोषक आणि शोषित एकाच नावाखाली लपतात, ते न्याय कोणाला देणार? १९९९ च्या फेब्रुवारीत काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि बेट अनेक दिवस पेटले. त्या संतापामागे ही न मोजलेली वंचितता होती.

खातेवहीचा आणखी एक गुण असा, की एकाची नोंद झाली की दुसऱ्याला आपलीही वेगळी नोंद हवीशी वाटते. १९९८ साली नव्या नोटांवर हिंदीचा मजकूर तमिळच्या आधी छापला गेला. तमिळ समाज रस्त्यावर आला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. ‘मराठी’ हा धर्म म्हणून लिहिला जाण्यामागेही तीच धास्ती आहे. ‘हिंदू’ या मोठ्या शब्दात उत्तरेकडील बहुसंख्यांचाच आवाज ऐकू येतो, असे लहान गटांना वाटते. क्रिओल भाषेची गत तर अधिक बोलकी. पाचांतील चारांहून अधिक लोकांच्या घरी ती बोलली जाते. पण २०१२ साली प्राथमिक शाळेत तिला प्रवेश मिळाला तो हिंदी, उर्दू, तमिळ, मराठी यांच्या रांगेतील एक ऐच्छिक विषय म्हणून. जी सर्वांची, तिलाही एका जमातीची करून टाकले गेले.

अल्पसंख्याकांची भीती खोटी नव्हती, हे येथे मान्य केलेच पाहिजे. स्वातंत्र्याच्या अवघे दोन महिने आधी, १९६८ च्या जानेवारीत, पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान यांच्यात रक्तपात झाला आणि ब्रिटिश फौज बोलवावी लागली. आठ जागांची हमी हे त्या काळचे औषध होते. परंतु पथ्य म्हणून दिलेले औषध पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले, तर तेच व्यसन होते. यावर उपाय, मोजणे सोडणे हा नव्हे. भारतातील राखीव जागांचा आधार सामाजिक अन्याय हा आहे, उपासनापद्धती नव्हे. हा भेद महत्त्वाचा. मोजावयाचे असेल तर जमीन, शिक्षण, घर आणि रोजगार मोजावा. माणूस कोणत्या देवळात वा मशिदीत जातो हे नव्हे.

डाव्या चळवळीने हे करून पाहिले, आणि तिचे अपयशही बोधप्रद आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या एमएमएम पक्षाने १९७१ मध्ये गोदी कामगारांचे मोठे संप लढवले. १९७६ साली तो संसदेतील सर्वांत मोठा पक्ष झाला, आणि १९८२ साली त्याच्या आघाडीने मुख्य बेटावरील साठच्या साठ जागा जिंकल्या. पण अवघ्या नऊ महिन्यांत सरकार फुटले. आर्थिक धोरणाच्या मतभेदांत क्रिओल भाषेचा वाद मिसळला आणि १९८३ च्या प्रचारात जमातींचे हिशेब पुन्हा उघडपणे मांडले गेले. मतदारसंघातील जमात पाहून उमेदवार देण्याच्या प्रथेतून हा पक्षही सुटला नाही. अस्मितेकडे दुर्लक्ष केल्याने ती नाहीशी होत नाही. आणि तिच्याशी सौदा केल्याने ती शहाणीही होत नाही.

मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, याचा महाराष्ट्राला मोठा अभिमान वाटतो. मात्र त्याच बेटावर १ फेब्रुवारीला गुलामगिरीच्या अंताची आणि २ नोव्हेंबरला करारबद्ध मजुरांच्या आगमनाचीही सुट्टी असते, याचा उल्लेख येथे क्वचितच होतो. पहिली सुट्टी मराठी माणसाची आठवण सांगते. दुसऱ्या दोन तो तेथे कोणाच्या जागी आणि का गेला, हे सांगतात. कोकणातून गेलेल्या त्या मजुराचा वारसा जपावयाचा तर या तिन्ही सुट्ट्या एकत्र वाचाव्या लागतील. त्याचे दैवत त्याने जपले, त्याची भाषा त्याने जपली. पण मळ्यावर त्याच्या शेजारी जो राबत होता त्याच्याशी असलेले त्याचे नाते कोणत्याही जनगणनेच्या रकान्यात बसत नाही. ते नाते पुन्हा जोडणे, हेच खरे राजकारण होय.