विश्लेषण : लेसच्या बाहुलीवरचा ‘मेड इन जर्मनी’ शिक्का किती खरा?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. घर रिकामे करताना आजीच्या काळातली शोकेसही रिकामी होते आणि त्यात एखादे वेळी झालरीचा घेरदार झगा घातलेली चिनीमातीची गोरी बाहुली निघते. मग दोनपैकी एक चूक होते. बाहुली रद्दी-भंगारात जाते, किंवा तळाशी ‘जर्मनी’ वाचून घरचे लोक लाखो रुपयांची स्वप्ने पाहू लागतात. दोन्ही चुकांचे मूळ एकच. वस्तू कोणी नीट पाहत नाही.

चिनीमातीची लेस कशी तयार होते?

झग्याची ही झालर कोरलेली नसते. खरी सुती लेस चिनीमातीच्या पातळ घोळात बुडवतात आणि ओली असतानाच बाहुलीच्या अंगावर चुण्या घालून बसवतात. भट्टीच्या १,३०० ते १,४०० अंश सेल्सिअस तापमानात सूत जळून जाते आणि धाग्याभोवतीचे मातीचे कवच तेवढे उरते. भट्टीत मूर्ती सुमारे एक षष्ठांशाने आक्रसतेही. त्यामुळे प्रत्येक नग वेगळा ठरतो आणि बोटाच्या धक्क्यानेही झालर तुटते. जर्मनीत चिनीमातीचा पहिला कारखाना १७१० मध्ये मायसेन येथे सुरू झाला. लेसच्या बाहुल्या मात्र ‘ड्रेस्डेन’ या नावाने जगभर गेल्या. ड्रेस्डेन हे एका कारखान्याचे नाव नाही. त्या शहरातल्या रंगकाम करणाऱ्या कार्यशाळा आणि आसपासच्या प्रदेशातले अनेक कारखाने, विशेषतः थुरिंगियातले, त्या शैलीचा माल बनवत.

शिक्क्यावरून काय कळते?

काळाचा अंदाज येतो, पण खरेपणाची हमी मिळत नाही. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले कायद्यामुळे पुढच्या वर्षापासून आयात मालावर मूळ देशाचे नाव लिहिणे भाग पडले. त्यामुळे इंग्रजीत ‘जर्मनी’ लिहिलेला नग बहुधा त्यानंतरचा असतो. ‘जर्मन डेमोक्रॅटिक रिपब्लिक’ असेल, तर तो १९४९ ते १९९० मधला. ड्रेस्डेनच्या चार कार्यशाळांनी १८८३ मध्ये मुकुट आणि ‘ड्रेस्डेन’ अशी खूण नोंदवली होती. मायसेनच्या निळ्या, एकमेकांना छेदणाऱ्या तलवारी मात्र इतक्या वेळा नकलल्या गेल्या आहेत की केवळ त्यांच्यावर विसंबून पैसे मोजणे धोक्याचे आहे.

‘मेड इन’चा हा खेळ उल्हासनगरला नवा कसा नाही?

दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित वसले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. हातात भांडवल नसलेल्या माणसांनी छोटे उद्योग उभे केले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद तेव्हापासून शहराला चिकटला. पण ‘मेड इन जर्मनी’ची सुरुवातही मानाची नव्हती. जर्मन कारखानदार ब्रिटिश मालाची स्वस्त नक्कल विकतात, अशी ओरड झाल्यावर ब्रिटनने १८८७ मध्ये कायदा केला. ब्रिटिश असल्याचा भास होणाऱ्या परदेशी मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे झाले. ग्राहकाला सावध करण्यासाठी लावलेली ती पाटी पुढे दर्जाची खूण बनली. महायुद्धानंतर जपाननेही ड्रेस्डेनसारख्या लेसच्या बाहुल्या काढल्या. १९४७ ते १९५२ दरम्यानच्या ‘ऑक्युपाइड जपान’ शिक्क्याच्या त्या नकलांचेच आज स्वतंत्र संग्राहक आहेत. म्हणजे नक्कल करण्यात कमीपणा नाही. ती अस्सल म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

मग बाहुली ओळखायची कशी?

भिंगातून लेस पाहावी. खऱ्या लेसवरून घडलेल्या झालरीत विणीचे बारकावे आणि लहान-मोठी छिद्रे दिसतात. साच्यातल्या रेझिनच्या नकलेत छिद्रे बुजलेली किंवा एकसारखी असतात. ती नक्कल वजनाला हलकी असते, हाताला चिनीमातीसारखी गार लागत नाही. बोटे, नाक, झग्याची कड येथे जोड आहे का ते तपासावे. नंतर भरलेला गोंद किंवा रंग अनेकदा अतिनील टॉर्चखाली वेगळा चमकतो. लेसचे दोन-चार टवके उडालेले असणे जुन्या नगात सामान्य आहे. अजिबात ओरखडा नसलेली ‘शंभर वर्षांची’ बाहुली दिसली, तर उलट अधिक चौकशी करावी.

घर बदलताना काय करावे?

बाहुली झग्याला किंवा हाताला धरून उचलू नये, खालून बैठकीला आधार द्यावा. धूळ मऊ कोरड्या ब्रशने किंवा कॅमेऱ्याच्या हवेच्या पंपाने काढावी, नळाखाली धरू नये. कापसात गुंडाळू नये, कारण त्याचे तंतू लेसमध्ये अडकतात आणि काढताना झालर तुटते. तुटलेले कण पाकिटात जपावेत, घरच्या घरी झटपट गोंदाने चिकटवू नयेत. चारही बाजूंनी आणि तळाचे फोटो काढून किमान दोन जाणकारांना दाखवल्याशिवाय विकू नये.

बहुतेक बाहुल्यांची किंमत घरच्यांना वाटते त्याहून कमीच निघेल. तरीही त्या जपायला हव्यात. जळून गेलेल्या सुताचा ठसा राखणारी ही कारागिरी एकदा तुटली की पूर्ववत होत नाही. ती कोणत्या देशाच्या नावाने विकली गेली, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.