ओसरीवरच्या गप्पा : पेरणी आणि प्रवेश एकाच महिन्यात



जूनमध्ये शेतकऱ्याच्या घरात आधीच जीव टांगणीला असतो. मृग कोरडा गेला, आर्द्रा तरी बरसतील का, बियाणं घरात येऊन पडलंय आणि रानात ओल नाही. त्यात ज्या घरचं पोर आय.आय.टी.ची परीक्षा पास झालंय, तिथं आणखी एक वाट पाहणं सुरू होतं. कुठलं कॉलेज, कुठली शाखा?

या जागा 'जोसा' नावाची व्यवस्था वाटते. २०१५ पासून आय.आय.टी., एन.आय.टी. वगैरेंच्या जागा तिथं एकत्र वाटल्या जातात. मुलानं पसंतीची यादी भरायची, कॉम्प्युटर गुणक्रम पाहून जागा देतो. हे एका दिवसात उरकत नाही. फेऱ्या होतात, आणि दर फेरीला घरात तीच धडधड.

यादी भरताना वडीलधारे म्हणतात, "मुंबई आपल्याला कुठली मिळायला, ती खाली टाक." असं करू नये. अवघड जागा वर लिहिली म्हणून खालची हुकत नाही. वरची मिळाली नाही तर कॉम्प्युटर एकेक पायरी उतरतो आणि गुणक्रमात बसणारी पहिली जागा देतो. मनात जो क्रम आहे तोच लिहावा. मुलगी लांब कशी पाठवायची म्हणून खडगपूर-कानपूर खोडणारे बापही असतात. मला ते पटत नाही. २०१८ पासून आय.आय.टी.त मुलींसाठी जादा जागा काढल्या आहेत, त्या काय मोकळ्या ठेवायला?

जागा मिळाली की तीन शब्द पुढं येतात. फ्रीझ म्हणजे हीच जागा पक्की. स्लाइड म्हणजे कॉलेज तेच, पण यादीत वर लिहिलेली शाखा मिळाली तर हवी. फ्लोट म्हणजे यादीत वरचं काहीही चालेल. इथं आजोबा म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. पण फ्लोटमध्ये हातचं सुटत नाही. वरची मिळाली तरच आधीची जाते, आणि गेलेली परत मागता येत नाही. तेव्हा वर लिहिलेलं खरंच हवंय का, ते पोराला आधीच विचारा.

फीच्या आकड्यानं दचकू नका. २०१६ साली आय.आय.टी.ची शिक्षण फी वर्षाला ९० हजारांवरून २ लाखांवर नेली. त्याच वेळी अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग मुलांना, तसंच १ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना ती पूर्ण माफ झाली. १ ते ५ लाख उत्पन्न असेल तर दोन तृतीयांश माफ. खाणावळ वेगळी. जागा स्वीकारताना मात्र ठरल्या मुदतीत रक्कम भरावीच लागते. ती बियाणं-खताच्या पैशांत धरू नका.

दाखल्यांचं आधी बघा. ओबीसींना नॉन-क्रिमीलेयर दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून पुढचा लागतो. आर्थिक दुर्बल गटाच्या दाखल्याला जमीन बघतात. कुटुंबाची शेती ५ एकर किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला नाही. कोरडवाहू पाच एकरांत काय पिकतं, हे ठरवणाऱ्यांना कोण सांगणार!

कागद पाठवल्यावरही तपासणारे शंका काढतात, आणि मुदतीत उत्तर गेलं नाही तर जागा रद्द होते. गावात वीज-रेंजचा भरवसा नसेल तर त्या चार दिवसांत पोराला तालुक्याला मामाकडं ठेवा. पेरणीला दोन हात कमी पडतील, पडू द्या.